डी ड्राइव्हचा सातबारा

वाटणी हा शब्द नुसता कानावर पडला तरी मराठी माणूस सावरून बसतो. एरवी ज्या गृहस्थाला कोथिंबीर आणायला चार वेळा सांगावे लागते, तो वाटणीचा विषय निघाला की हातातला चहा निवू देऊन बोलू लागतो. बांध कुणाचा, सामाईक विहिरीवर पाळी कुणाची, आंबा एकाच्या वावरात आणि आंबे दुसऱ्याच्या वावरात पडतात त्याचे काय, हे सगळे त्याला न शिकता येत असते. मी उभी हयात मोजणीच्या कामात काढली, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगतो. आम्ही साखळी ताणली की मोतीबिंदू झालेले आजोबासुद्धा पारावरून ओरडत, "साखळी ढिली सोडली रे, ढिली सोडली!"

सांगायचा मुद्दा असा, की निवृत्तीनंतर आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, हार्ड डिस्कचं पार्टिशन करून घेतलंय. सी सिस्टीमचा, डी तुमचा." मला एकदम त्या यंत्राविषयी आपुलकी वाटली. म्हटले, हा आपल्यातलाच दिसतो. घरात पाऊल टाकायच्या आधीच वाटणी करून आलाय.

मोजणीदाराला वाटणी दिसली की पहिला प्रश्न पडतो तो मूळ पुरुषाचा. ही इस्टेट मूळची कुणाची आणि पहिला हिस्सा पडला कधी? मी तो इतिहास खणून काढला.

मूळ पुरुषाचे नाव आयबीएम ३५०. जन्म सप्टेंबर १९५६, अमेरिकेत. इकडे त्या वर्षी मुंबई कुणाच्या वाट्याला जाणार यावरून रान पेटले होते, आणि तिकडे हा गृहस्थ शांतपणे पन्नास तबकड्या अंगावर घेऊन गरगर फिरत होता. एकेक तबकडी दोन फूट व्यासाची, म्हणजे आपली लग्नातली परातच. अशा पन्नास पराती एकावर एक. त्यांत मावायची फक्त पन्नास लाख अक्षरे. सबंध यंत्रणेचे भाडे महिना ३,२०० डॉलर. आज नातवाच्या मोबाइलमधला मांजराचा एक फोटो तेवढी जागा खातो आणि भाडे देत नाही. पण कपाटाएवढे धूड आणि वापरणारी कंपनी एकच, तेव्हा भांडायला दुसरे कुणी नव्हते. एकत्र कुटुंब असते ते असे. धाकटा भाऊ जन्मलेलाच नसतो.

पुढे १९७३ साली आयबीएमनेच जी डिस्क काढली तिचे टोपणनाव विंचेस्टर, एका बंदुकीवरून पडलेले. वाटणीच्या इतिहासात बंदुकीचे नाव यावे यात मला तरी नवल वाटले नाही.

खरी वाटणी झाली मार्च १९८३ मध्ये. आयबीएमचा पहिला घरगुती पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याला हार्ड डिस्क नव्हतीच, फ्लॉपीच्या दोन खिडक्या असत. एक ए, दुसरी बी. म्हणून हार्ड डिस्क आली ती तिसरी, सी. आज ए आणि बी दोघेही निवर्तले, फ्लॉपी बघायला मिळत नाही, तरी सी अजून स्वतःला सीच म्हणवतो. वाड्यातल्या पुढच्या दोन खोल्या पडल्या तरी तिसरीला 'तिसरी खोली'च म्हणतात, तसे. तर १९८३ साली पीसी-एक्सटी नावाचे मॉडेल आले. त्यात दहा एमबीची डिस्क. दहा एमबी त्या काळी एवढी अवाढव्य वाटली, की कर्त्यांना काळजी पडली, एकटी डॉस नावाची प्रणाली एवढ्या जागेचे करणार काय? शिवाय सीपीएमसारखे दुसरे भाऊबंद दारात उभे होतेच. म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डिस्कचे हिस्से पाडायची सोय आली. जास्तीत जास्त हिस्से चार.

चारच का, तर नोंदवहीत चारच ओळींची जागा ठेवली होती. इथे माझ्यातला मोजणीदार खुर्चीत पुढे सरकला. कारण हार्ड डिस्कची वाटणी प्रत्यक्षात कुठे होते म्हणाल, तर कुठेच होत नाही. तबकडीवर रेघ नाही, बांध नाही, कुंपण नाही. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत, ६४ बाइटांचा एक कोष्टक असतो. चार ओळी, प्रत्येक सोळा बाइटांची. हिस्सा कोणत्या प्रकारचा, कुठून सुरू होतो, किती लांब आहे आणि यंत्र चालू झाल्यावर आधी कुणाकडे जायचे, एवढाच मजकूर. सोळा बाइट म्हणजे इंग्रजी सोळा अक्षरे. आमच्या जुन्या साखळीतही बरोबर सोळाच आणे. तेहेतीस फूट लांब साखळी, तिचे सोळा आणे, आणि तेहेतीस गुणिले तेहेतीस, १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. हा सोळाचा योगायोग मी चिरंजीवांना सांगितला. ते "हो का?" म्हणाले आणि फोनकडे वळले.

म्हणजे हा झाला डिस्कचा सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन नसते, जमिनीविषयीची नोंद असते. तो कागद फाडून टाकला तर जमिनीचे एक ढेकूळसुद्धा जागचे हलत नाही. फक्त ती कुणाची आणि कुठवर, हे सांगता येत नाही. हार्ड डिस्कचे तंतोतंत तसेच.

पुढचा इतिहास आपल्याकडच्या कुळकथांसारखाच आहे. डिस्का मोठ्या होत गेल्या, पण डॉसला बत्तीस एमबीच्या पुढे मोजताच येईना. त्याचे सेक्टर मोजण्याचे गणित ६५,५३६ वर संपायचे. मग १९८७ साली डॉस ३.३ ने पोटहिस्से काढले. चारपैकी एका हिश्श्यात आणखी हिस्से, त्यांना डी, ई, एफ अशी नावे. पोटहिस्सा आला की भांडण आले, हा आमच्या खात्यातला अनुभव. पण इथे भाऊबंद मुके असल्यामुळे निभावले. १९८८ पासून डॉस ४ ने बत्तीसची मर्यादा ओलांडली. पण हिस्से पाडायची सवय लागली ती लागलीच.

मोजणीचा तंटाही आहे. भाच्याने ३२० जीबीची डिस्क विकत घेतली आणि कॉम्प्युटर तिला २९८ जीबी म्हणू लागला. बावीस जीबी गेले कुठे? भाचा दुकानदाराशी भांडायला निघाला होता. मी म्हटले, "थांब. बनवणारा हजाराच्या साखळीने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसच्या साखळीने. जमीन तेवढीच आहे, साखळ्या दोन आहेत." आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या निकालावर अपील झाले नाही.

आपल्या घराघरांत कॉम्प्युटर शिरले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून. तेव्हापासून बहुतेक घरांत सी आणि डी असे दोन भाऊ नांदू लागले. त्यामागे एक व्यावहारिक शहाणपण होते. कॉम्प्युटरला काहीही झाले, आवाज बंद पडला, पडदा निळा झाला, की दुरुस्ती करणारा मुलगा एकच उपाय सांगायचा, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट सीला मारायचा. म्हणून मुलीच्या लग्नाचे फोटो, इन्कमटॅक्सचे कागद, वडिलांच्या श्राद्धाची यादी हे सगळे डीमध्ये. थोरल्याने सरकारदरबार बघावा, मार खावा. धाकट्याने घरातले दागिने सांभाळावेत.

आता थोरल्याचा संसार वाढतो. वाढतोच. आणि एक दिवस सी लाल होतो, जागा संपली म्हणतो, तेव्हा डी अर्धा रिकामा असतो. मग बांध सरकवायचा विचार डोक्यात येतो. माझ्या नोकरीत याच विचारामुळे डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

पूर्वीच्या एफडिस्क नावाच्या कारकुनापाशी बांध सरकवायची सोयच नव्हती. हिस्सा मोडा, त्यावरचे सगळे पुसा, नवा पाडा. माल न हलवता, म्हणजे माल न गमावता, हद्द बदलायची हत्यारे १९९० च्या दशकात आली. पार्टिशन मॅजिक हे त्यांतले गाजलेले. पुढे जीपार्टेडसारखी फुकट मिळणारीही आली, आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून तर खुद्द विंडोजमध्येच हिस्सा आक्रसायची नि वाढवायची सोय झाली. पण अट मोजणीदाराच्या ओळखीची: सीला जागा पाहिजे असेल तर ती त्याला लागून, उजव्या हाताला हवी. पलीकडचा ई रिकामा करून काही उपयोग नाही, कारण मधे डी उभा आहे. आधी डीला सबंधच्या सबंध पलीकडे सरकवायचे, मग मोकळी झालेली पट्टी सीने घ्यायची. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने जमिनीचे तुकडे पाडायला बंदी झाली आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणायची योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या एकत्रीकरणात ज्यांनी लांबची काळी देऊन जवळची बरड घेतली त्यांची नातवंडे अजून कचेरीच्या पायऱ्या चढतात. कॉम्प्युटरमध्येही फाइलींचे तुकडे विखुरतात आणि ते एकत्र करायला डीफ्रॅग म्हणून योजना आहे. फरक एवढाच की तिथे रात्री लावले की सकाळी संपते.

खुद्द आमच्या ठाणे जिल्ह्याचा बांध १ ऑगस्ट २०१४ रोजी सरकला. पंधरा तालुक्यांपैकी आठ पालघरला गेले, सात ठाण्याला राहिले. मुरबाड आणि शहापूर ठाण्याच्या वाट्याला आले. एवढा मोठा हिस्सा तोडला, पण कुणी "कृपया जिल्हा बंद करू नका" अशी पाटी लावली नाही. हार्ड डिस्क मात्र ती लावते, आणि ती खरी असते. हद्द सरकत असताना वीज गेली, तर नोंद अर्धवट.

वीज कुठे जाते, तर आमच्या भाच्याकडे. भाचा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी शाळामास्तर. जून लागला की गड ढगात जातो आणि त्याच्या मागोमाग वीज जाते. या डोंगराचे आणि विजेचे नाते जुने आहे. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. वीज वाहून नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडायची, हे त्या दस्त्याचे काम. आधी हाच माणूस शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या चालवत होता. शेवटी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी गाठले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळीबारात गेले. तिथे त्यांचे स्मारक आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला माणसे जमतात.

भाच्याला नाद असा, की शाळा सुटल्यावर एक छोटा रेकॉर्डर खिशात टाकायचा आणि आसपासच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे. बेचाळीस साली जे दहा-बारा वर्षांचे होते, भाकऱ्या पोचवणाऱ्या आयांच्या मागून पळत होते, अशी माणसे. दोन-तीन वर्षांत एकोणीस जणांचे आवाज त्याने जमवले. सगळे डीमध्ये. सीडीवर उतरवलेले होते, पण पायथ्याच्या पावसात सीडीलाही बुरशी धरते. आणि त्या एकोणीस जणांपैकी सात जण तोवर निघून गेले होते. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन "आजोबा, परत एकदा सांगा" म्हणायची सोय नव्हती.

२०१२ च्या जूनमध्ये त्याचा सी लाल झाला. त्याने कुठून तरी एक हत्यार आणून बांध सरकवायला घेतला, आणि नेमकी वीज गेली. रात्री फोन आला.

"मामा, डी गेला."

"गेला म्हणजे?"

"दिसतच नाही. नुसती मोकळी जागा दाखवतोय."

"कुणी काय केलं का?"

"मुरबाडहून दुरुस्तीवाला आलाय. म्हणतो, नवीन पार्टिशन करून फॉरमॅट मारू. पाच मिन्टांचं काम."

"त्याला चहा दे आणि एस.टी.त बसवून दे. यंत्र बंद कर. काही ठेवू नकोस, काही उघडू नकोस, आणि काहीही विचारलं तरी 'हो' म्हणू नकोस. डिस्क खोलून ठाण्याला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा आला. बरोबर दाजी, म्हणजे त्याचे वडील, माझे मेहुणे. दाजींनी डिस्क उपरण्यात गुंडाळून कल्याणपर्यंत मांडीवर आणली होती. भाच्याचा चेहरा सुतकी. मी दोघांना बसवून समजावले, की पहिल्या पानावर चार ओळी असतात, त्यांतली डीची ओळ खोडली गेली आणि नवी लिहायच्या आत वीज गेली. माल हलवायला सुरुवातच झाली नव्हती. दाजी ऐकून घेत होते. मग म्हणाले,

"म्हंजी जमीन जागंवर हाय. उताऱ्यावरलं नाव तेवढं गेलंय."

"बरोबर."

"मग हा रडतो कशापायी? फेरफार घाला."

चार वर्षे कॉम्प्युटर शिकवणारा भाचा बापाकडे बघतच राहिला.

फेरफार घालण्याआधी मी सबंध डिस्कची नक्कल घेतली. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, जशीच्या तशी, दुसऱ्या डिस्कवर. त्याला साडेतीन तास लागले. दाजी तेवढा वेळ खुर्ची न सोडता बसून होते. मूळ दस्ताला हात न लावता नकलेवर काम करायचे, हे त्यांना पटवावे लागले नाही. मग क्रिस्टॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेला टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. तो काय करतो, हे पाहून मला माझी नोकरी आठवली. उतारा हरवला, नकाशा जळला, तर आम्ही काय करायचो? शेतात जायचो आणि जुने हद्दीचे दगड शोधायचो. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली आणि तिच्यातूनच आमचे खाते वाढले. हद्दीच्या खुणा हा त्या पद्धतीचा कणाच. डिस्कवर बांध नसतो असे मी वर म्हटले ते खरे, पण प्रत्येक हिस्सेदार आपल्या हिश्श्याच्या उंबऱ्यावर स्वतःची पाटी लिहून ठेवतो. भाच्याचा डी ज्या पद्धतीचा होता, त्या एनटीएफएसमध्ये त्या पाटीची एक प्रत हिश्श्याच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्येही असते. सुरुवातीचा दगड आणि शेवटचा दगड. टेस्टडिस्क सबंध डिस्कवरून शंकू-साखळी घेऊन चालत जातो आणि असे दगड हुडकतो.

बऱ्याच वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली. सुरुवात अमुक, शेवट अमुक. दोन्ही दगड सापडले आणि एकमेकांशी जुळले. आतले फोल्डर उघडून बघितले, नावे बरोबर. तेव्हा कुठे नोंद लिहिली आणि यंत्र पुन्हा चालू केले. डी आला.

भाच्याने पहिलीच जी फाइल लावली ती एका आजीची. पहिली दोन मिनिटे नुसते कोंबड्यांचे आवाज, मग खोकला, मग आजी विचारते, "चालू हाय का रं ह्ये?" भाच्याने ती तिथेच बंद केली आणि चष्मा पुसत बसला. ती आजी सातांपैकी होती.

बांध सरकवायचे काम राहिलेच होते. ते रात्री केले. डीची सगळी पोती उजवीकडे सरकवायची, तीही नव्या आणि जुन्या जागेचा काही भाग एकच असताना. दाजींना हे सांगताच म्हणाले, "मग उजव्या टोकाचं पोतं पयलं उचला. डावीकडून धराल तर पोत्यावर पोतं पडंल." प्रोग्रॅम नेमके तेच करत होता. सकाळी सी साठ जीबी मोठा झाला होता आणि दाजी चहा मागत होते.

जुन्या नोंदवहीला आणखी एक दुखणे होते. तिचे आकडे दोन टीबीच्या पलीकडे जात नाहीत. २०१६ साली भाच्याने तीन टीबीची डिस्क घेतली, तेव्हा नव्या पद्धतीची वही, जीपीटी, घ्यावी लागली. तिच्यात साधारणपणे १२८ हिश्श्यांची जागा असते आणि सबंध वहीची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिले पान गेले तरी शेवटच्या पानावरून नोंद परत मिळते. ही सुधारणा मी दाजींना मोठ्या उत्साहाने सांगितली.

दाजी म्हणाले, "दुसरी प्रत कुठं असती?"

"त्याच डिस्कच्या शेवटाला."

"म्हंजी एकाच घरात दोनी? आन् घर जळलं तर?"

त्या प्रश्नामुळे एकोणीस आवाजांची एक प्रत तेव्हापासून ठाण्यात माझ्या कपाटात आहे, जुन्या धोतराच्या घडीत गुंडाळून. दर जूनमध्ये, गड ढगात जायच्या सुमारास, दाजींचा फोन येतो. माझी तब्येत ते नंतर विचारतात. आधी विचारतात, "डबी लावून बघितली का यंदा?"